जाळीतला टीव्ही आणि बांधावरची शाळा

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं, की पुढच्या शैक्षणिक वर्षापासून तिसरीच्या मुलांनाही कृत्रिम बुद्धिमत्तेचे धडे मिळतील. तेव्हापासून आमच्याकडे खानदेशात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, गुरुजींना काही येत नाही, पगार मात्र बघा. प्रत्येक वर्गात मोठा पडदा लावा, पुण्या-मुंबईचा उत्तम शिक्षक त्यावरून शिकवील, मधला मास्तर हवाच कशाला? दुसरा तट म्हणतो, मोबाइलने पोरं आधीच वाया गेलीत, आम्ही खडू-फळ्यावर शिकूनच साहेब झालो, ही खेळणी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा. परवा एका लग्नात, पानात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असताना, हा वाद इतका पेटला की वाढपी दोनदा आला आणि दोनदा तसाच परत गेला.

मी जिल्हा परिषदेत आधी शिक्षक होतो आणि शेवटची अकरा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक. तेरा शाळांच्या वर्गांत मागच्या ओळीत बसून पाठ पाहणं हे माझं काम होतं, निदान कागदावर तरी. त्या बसण्यातून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही तट यंत्रावरून भांडतात आणि मास्तराला गृहीत धरतात. साधन वर्गात यावं की नाही हा वाद शिळा झाला. साधन आलंय, आणि कुलपात आहे. ते वापरायला शिक्षक तयार कसा होतो, यावर कुणी बोलत नाही. ज्याला आपण प्रशिक्षण म्हणतो त्यातून तो तयार होत नाही, आणि या पद्धतीने आणखी वीस वर्षं प्रशिक्षणं घेतली तरी होणार नाही. बटणं त्याला येतात. त्याच्या स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या धड्यावर, निदान एक सत्रभर कुणीतरी सोबतीला राहिलं पाहिजे. आणि साधन कधी बंद ठेवायचं हे ठरवायचा अधिकार त्याच्याकडे पाहिजे.

कुलपाचं म्हणालो ते अलंकारिक नाही. माझ्या केंद्रातल्या एका शाळेला गावाने वर्गणी काढून टीव्ही दिला. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी जाळी, जाळीला दोन कुलपं. एक किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात, दुसरी ज्या सरांकडे होती ते बदली होऊन साक्री तालुक्यात गेलेले. पडद्यावरचा कारखान्याचा प्लास्टिकचा कागद तसाच होता; जाळीतून बोट घालून मुलांनी खालच्या कोपऱ्यात तेवढा सोललेला. बाईंना विचारलं, वापरत का नाही? म्हणाल्या, ‘सर, डेडस्टॉक रजिस्टरला माझं नाव लागलंय. काही झालं तर वसुली माझ्याकडून.’ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, दहा एकर कापूसवाले, शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, ‘मशीन ते भारी शे भाऊ, पन बिघडनं ते काय करानं?’ शैक्षणिक तंत्रज्ञानावरची डझनभर परिपत्रकं मी वाचली आहेत. त्यांतल्या एकातही हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारलेला नाही.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते खरं म्हणायला हवं. शिक्षक टाळतात, हे खरं. ज्याला भाच्याच्या हळदीच्या व्हिडिओला गाणं जोडता येतं, शेअर बाजाराचं ॲप चालवता येतं, त्याने वर्गात ‘मला जमत नाही’ म्हणणं हा कांगावा आहे, आणि असे पाच-सहा जण माझ्याच केंद्रात होते. साधन दिलं की शिक्षण होतंच असं नाही, हेही खरं. पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ३१९ शाळा तपासल्या, तर भाषा-गणितात लॅपटॉपवाल्या मुलांची गाडी इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा खडू-फळावाल्यांना मी मागासलेले म्हणणार नाही. त्यांची भीती हवेतली नाही.

पण या पुराव्यातून निघतं काय? पेरूत पेट्या आधी पोचल्या आणि शिक्षकांची तयारी जेमतेम झाली. ठिबकचा संच शेतकऱ्याच्या अंगणात टाकून कुणी निघून गेलं आणि दोन वर्षांनी म्हणालं, ठिबकने उत्पन्न वाढत नाही, तर जळगाव जिल्ह्यातला कुठलाही केळीवाला काय उत्तर देईल?

‘त्यांना मोबाइल तर येतो, मग आणखी काय शिकवायचं?’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक साधी पण फार उपयोगी गोष्ट मांडली होती: विषय येणं वेगळं, शिकवण्याची सर्वसाधारण हातोटी वेगळी, आणि हाच विषय या मुलांना कसा शिकवायचा याचं ज्ञान त्या दोन्हींहून वेगळं. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी त्यात तंत्रज्ञान घातलं. त्यांचं म्हणणं असं, की साधन, विषय आणि अध्यापन जिथे एकमेकांना छेदतात तिथे शिक्षकाचं खरं ज्ञान असतं, आणि ते तीन वेगळे वर्ग घेऊन येत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर त्याच जाळीतल्या टीव्हीचं पुढचं ऐका. मुख्याध्यापकांनी अखेर पंचनामा करून कुलूप तोडलं. त्याच आठवड्यात बाईंनी पाचवीला चंद्रकलांची फिल्म दाखवली. काय सुंदर होती! पृथ्वी गोल फिरतेय, चंद्र तिच्याभोवती, सूर्याच्या उजेडाची रेषा सरकतेय. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ‘समजलं?’ ‘होऽऽ!’ मी मागून उठलो आणि विचारलं, ‘आज शुद्ध अष्टमी. संध्याकाळी दिवेलागणीला चंद्र कुठे दिसेल?’ चौतीस मुलं गप्प. एकाने पूर्वेकडे बोट दाखवलं, एकाने चिंचेकडे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की त्यांनाही सांगता येत नाहीये. चंद्र डोक्यावर असतो, हे त्या शाळेत ज्यांना ठाऊक असेल त्यांनी ते फिल्ममध्ये पाहिलेलं नव्हतं. बाईंना टीव्ही लावता आला, फिल्म शोधता आली, पेन ड्राइव्हवर घेता आली. कुठल्या ‘आली’ची कमतरता होती?

ही चूक आजची नाही. १९१३ साली एडिसनने सांगून टाकलं होतं, की शाळांतून पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चलच्चित्रांतून शिकवता येईल. आपल्याकडे ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या प्रयोगाचं मला कौतुक वाटतं ते दोन गोष्टींसाठी: संच दुरुस्त ठेवायला माणसं नेमली होती, आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं होतं. म्हणजे ‘बिघडनं ते काय करानं’ हा प्रश्न तेव्हा कुणीतरी विचारला होता. मग वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये शाळांतल्या संगणक-साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पात ब्रिटिश बनावटीचे संगणक आधी अडीचशे शाळांत आले. २००१ पासून एमएस-सीआयटी हा सर्वांसाठीचा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि शिक्षकांची वेतनवाढ त्या प्रमाणपत्राला बांधली गेली; आमच्यातल्या पन्नाशीच्या गुरुजींनी जळगावला खोल्या घेऊन क्लास लावले. मेल मर्ज शिकले, सेलमध्ये सूत्र घालायला शिकले. भागाकार शिकवायला यातलं काय वापरायचं, हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं, कारण तो शिक्षकांसाठी बनवलेलाच नव्हता. २००४ नंतरच्या आयसीटी, म्हणजे शाळांतल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या, योजनेत तर कंत्राटदाराने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि शाळेला सोपवायची, असा मामला. संगणक शिकवणारा मुलगाही कंत्राटावर. मुदत संपली, मुलगा गेला, खोलीला कुलूप. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून जगभर संगणकाचं काम करू लागली, त्या अमळनेरच्या पंचक्रोशीतही अशी कुलपं मी मोजली आहेत.

धुळे जिल्ह्याचं उदाहरण मात्र वेगळं आहे आणि ते मला नेहमी अडवतं. तिथे जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. न्यूयॉर्कमध्ये नोकरी केलेला धुळ्याचाच एक तरुण गावोगाव फिरला, स्वतःचे पैसे घातले आणि गावांनी आपला वाटा दिला. ज्या गावांत मारुतीच्या जीर्णोद्धाराशिवाय वर्गणी निघत नव्हती तिथे शाळेसाठी निघाली, ही साधी गोष्ट नाही. साधनांची चळवळ फुकट गेली असं मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच, की राज्यभर मोजणी झाली ती ‘किती शाळा डिजिटल झाल्या’ याची. किती शिक्षक त्यासाठी तयार झाले, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

‘प्रशिक्षणं तर सारखी चालू असतात’ असं कुणी म्हणेल. चालू असतात, मान्य. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचं लक्ष्यच ४२ लाख शिक्षकांचं होतं. नव्या शैक्षणिक धोरणात दर वर्षी किमान ५० तास शिक्षकाने स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं आहे. पण या तासांत घडतं काय? राज्यस्तरावर तज्ज्ञ शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला. गिरणेच्या कालव्याचं पाणी ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको: वरच्या शेतात गुडघाभर, शेवटच्या शेतात पाट ओला झाला तरी नशीब. तालुक्याच्या सभागृहात दीडशे शिक्षक, पंखे चार, आणि सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, पडद्यावरची ‘मुलांना कृतीतून शिकू द्या’ ही ओळ मोठ्याने वाचून दाखवतोय, हे दृश्य मी स्वतः भरवलं आहे. सुलभकही मीच होतो. ऑनलाइन प्रशिक्षणात तर तेवढीही लाज उरली नाही. फोनवर व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवायचा, कपाटावर उभा करायचा, वर्गात पाढे घ्यायचे. सायंकाळी प्रमाणपत्र तयार. याला शिक्षकांची अप्रामाणिकता म्हणायचं की प्रशिक्षणाची? माझ्या मते दोघांचीही, आणि शिक्षकाची थोडी कमी.

आता बांधावर येऊ. ठिबक आमच्याकडे पसरलं ते बैठकीतल्या भाषणांनी पसरलं नाही. शेजाऱ्याच्या केळीत पाणी कमी लागतंय आणि घड भरतोय, हे डोळ्यांनी दिसलं म्हणून. नळ्या क्षाराने चोकअप झाल्या तेव्हा कुणीतरी बांधावर येऊन ॲसिड कसं सोडायचं, फिल्टर कधी धुवायचा हे हाताने करून दाखवलं म्हणून. कृषी खातं कापसासाठी शेतीशाळा घेतं. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी सुरू झाली. पंचवीस-तीस शेतकरी, एक शेत, पेरणीपासून वेचणीपर्यंत ठरावीक दिवसांनी भेट. पान उलटून अळ्या मोजायच्या, मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करायचा. माझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट ही, की तिथे शेतकरी पंप चालवायला शिकत नाही. तो त्याला येतोच. तो शिकतो ते पंप कधी उचलायचा नाही हे. आणि ते त्याला मोजून, चार लोकांशी बोलून, हंगामभर त्याच शेतात परत-परत जाऊन कळतं. शिक्षणात ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल हेच दाखवलं होतं: नुसतं ऐकून, पाहून, सभागृहात सराव करून आलेलं वर्गात फारसं उतरत नाही, सहकारी वर्गात येऊन सोबत करू लागला की उतरतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आणि संख्येचा. देशात एक कोटीहून अधिक शिक्षक आहेत. प्रत्येकाच्या वर्गात जाऊन कोण बसणार? आक्षेप रास्त आहे, पण तो असं गृहीत धरतो की बसणारा माणूस वरून यायला हवा. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच. तिच्यात काय व्हायचं ते सांगतो, कारण ती मीच घेत होतो: परिपत्रकांचं वाचन, राहिलेल्या माहितीची मागणी, एखादा सत्कार, पोहे. त्याच अर्ध्या दिवसात तेरा शाळांतल्या एका शाळेत जाऊन एक प्रत्यक्ष पाठ पाहायला आणि त्यावर बोलायला कुणाची ना होती? नवा पैसा लागत नव्हता. लागत होती ती मोकळीक. आणि केंद्रप्रमुखांची पदं भरलेली असायला हवी होती. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कारभार असेल तर तो वर्गात बसणार कधी आणि आकडे गोळा करणार कधी? तो आकडेच गोळा करतो. मीही केले.

इथे एक गोंधळ सोडवायला हवा. शिक्षक ‘तंत्रज्ञानाला कंटाळलोय’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल बोलतच नसतो. यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरीचा चॅटबॉट, लिंक भरा, फोटो टाका, जिओटॅग करा. हे कचेरीचं तंत्रज्ञान आहे, ते शिक्षकाच्या हाताने चालतं पण त्याच्या कामाचं नसतं. दिवसभर फोन त्याच्यावर हुकूम सोडतो. मग त्याच फोनने प्रेमाने शिकव म्हटलं तर तो तोंड फिरवणारच. प्रशिक्षणाचे तास वाढवण्याआधी या लिंका निम्म्या केल्या तर निम्मं प्रशिक्षण आपोआप होईल, असं माझं ठाम मत आहे.

आणि ‘पुण्याचा उत्तम शिक्षक पडद्यावर’ ही कल्पना? ती धडगाव-अक्कलकुव्यात घेऊन जा. सातपुड्यातल्या पाड्यावर पहिलीत आलेलं मूल पावरी किंवा भिलोरी बोलतं. पडद्यावरच्या बाईंचं मराठी कितीही गोड असलं तरी त्याच्यासाठी तो आवाज आहे, भाषा नाही. तिथल्या एका तरुण शिक्षकाने केलेलं मी पाहिलं: त्याने एका मुलीच्या आजीची पावरी गोष्ट साध्या फोनवर रेकॉर्ड केली, वर्गात लावली, मुलं ऐकताना जिथे हसली तिथे थांबवली, आणि तेवढेच शब्द फळ्यावर लिहिले. शेजारी मराठी शब्द. इंटरनेट लागलं नाही, वीजही नाही. त्याला हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. दैनिक हे त्या काळातलं सर्वांत प्रभावी माध्यम, आणि ते त्यांनी छापखान्याची वाट न बघता आपल्या पोरांच्या मापाचं करून घेतलं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मागणी केली ती अशाच शिक्षकाची: प्रशिक्षित, शक्यतो शेतकरी वर्गातला, मुलांच्या गरजा ओळखणारा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचं हत्यार धरायला न लाजणारा. हत्यार धरण्याची लाज नसलेला शिक्षक हत्याराचा गुलामही होत नाही. सोलापूर जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं कौतुक केलं. तो कोड आधी परितेवाडीच्या एका शाळेतल्या मुलांच्या अडचणीसाठी होता, आणि अडचण हेरणारा माणूस त्या वर्गातच उभा होता, हे मात्र मागे पडलं.

बी.एड.च्या कॉलेजांबद्दल एकच वाक्य: आयसीटीच्या प्रात्यक्षिकाचं पीपीटी झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेता येतं, तोवर बाकी सगळी चर्चा लांबची आहे.

चंद्रकलांवर परत येतो. त्या बाईंच्या वर्गात मी आणि शेजारच्या गावचे एक सर पुढचं वर्षभर पंधरवड्याला एकदा जाऊन बसू लागलो. शिकवायला नाही, पाठ झाला की तिघांनी चहा घेत बोलायचं, एवढंच. पहिले दोन महिने बाईंना आमचा त्रासच झाला असावा. फाल्गुनात त्यांनी टीव्हीला हात न लावता मुलांना सांगितलं, की अमावास्येनंतर होळीपर्यंत रोज रात्री साडेसातला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जायचं, चंद्र कुठे आहे आणि कसा आहे ते वहीत काढायचं. मुलांनी काढलं. चंद्र रोज थोडा पूर्वेकडे सरकत होता आणि फुगत होता. होळीनंतर बाईंनी तीच फिल्म लावली, आवाज बंद करून, आणि दर दहा सेकंदांनी थांबवून म्हणाल्या, आता तुम्ही सांगा. मुलं सांगत होती, एकमेकांना खोडत होती. एक पोरगा उठला आणि म्हणाला, ‘बाई, यांचा चंद्र चुकलाय. त्यांनी कोर उभी काढलीय. आपल्याकडे तर नावेसारखी आडवी होती.’ त्याने वही उघडून दाखवली. खरंच आडवी होती.

बाईंना उत्तर येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. त्यांनी टीव्ही बंद केला, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘कोर आडवी का?’ असं लिहिलं आणि भोवती चौकोन केला. पुढच्या पंधरवड्याला गेलो तेव्हा बाकी फळा रोज पुसलेला होता, तो चौकोन तसाच होता, आणि त्याच्याखाली तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन उत्तरं होती. दोन चूक होती.